पोत्यांच्या भिंतीआडचं पाणी

दिग्रस ते सावळझरी

सावळझरीच्या नदीत बेडूक नाहीत. परत आल्यापासून लोक विचारतात, "यवतमाळकडे काय पाहिलंस?" आणि मी दर वेळी इथूनच सुरुवात करते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही काय पाहण्यासारखी गोष्ट झाली? पण जे नसतं ते दिसायला वेळ लागतो. मला दोन दिवस लागले.

मी कापडाच्या मागांच्या गावात वाढले. वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहीत, आणि छापून आलेल्या गठ्ठ्यांना आम्ही भावंडं घड्या घालत असू. वह्यांची कव्हरं पत्रकांची, डब्यात चपातीखाली कागद पत्रकाचा. त्यामुळे लिहिण्याची एकच रीत मला ठाऊक होती: पहिल्या ओळीत शत्रूचं नाव, शेवटच्या ओळीत जमण्याची जागा आणि वेळ. मंगलताईंनी मला बोलावलं तेही त्यासाठीच. त्या दिग्रसच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात; सावळझरी त्यांचं माहेर. माझं एक पत्रक कुठूनसं त्यांच्या हाती लागलं होतं. फोनवर म्हणाल्या, "आमच्या नदीच्या गाळात शिसं निघालं आहे. नागपूरच्या लॅबचा कागद आहे माझ्यापाशी. पण तो इंग्रजी कागद गावात कोण वाचते? तू ये. साधं लिहून दे."

तो बोंडअळीचा हिवाळा होता. दिग्रसहून मंगलताईंसोबत बसने निघाले; खिडकीतून दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी दिसत होती, बोंडांनी लगडलेली. मला वाटलं, पीक काय झकास आहे! मंगलताईंनी वाटेत बस थांबली तेव्हा रस्त्याकडेचं एक बोंड तोडून माझ्या तळहातावर फोडलं. आत काळी भुकटी आणि एक गुलाबी अळी. "सगळं असंच आहे," त्या म्हणाल्या. "वरून काहीच कळत नाही." मैलोन्‌मैल ते न फुटणारं पीक वाऱ्यावर खुळखुळत होतं.

गावात शिरण्याआधी नदी लागते. नकाशात तिला नाव आहे, गावात ती नुसती नदी. काठावरच्या बाभळींवर माणसं लटकल्यासारखी दिसली आणि मी मंगलताईंचा हात धरला. जवळ गेल्यावर कळलं, धुऊन वाळत घातलेली खताची पोती. वारा नसताना ती हलत होती. उन्हाने आखडत, सैल होत. त्यांच्यातून बारीक काहीतरी सतत झडत होतं, पिठासारखं, आणि खालचं पाणी त्याने पांढुरकं झालं होतं.

झिरा

आमच्याकडे घरोघरी आड. इथे नदी आटू लागली की गाव वाळूत खड्डा खणतं, त्याला झिरा म्हणतात. वाळूतून झिरपून आलेलं पाणी त्यात साठतं आणि पावसाळ्यापर्यंत सगळं गाव तेच पितं. मी गेले तेव्हा झिरा उपसायला नुकती सुरुवात झाली होती. पाच दिवसांचं काम.

कामावर देखरेख नानाजींची. नानाजी सत्तरीचे, अंगात बंडी, कानावर बिडी. खणणारे दमले की ते वाळूवर आडवे होत आणि कान टेकवत. पाणी किती खाली आहे ते त्यांना ऐकू येतं म्हणे. मी जाऊन शेजारी बसले तेव्हा ते डोळे मिटून पडले होते.

"काय ऐकू येतं, नानाजी?"

"पयले गुळगुळ आवाज ये. लेकरू दूध पेते ना, तसा." डोळे न उघडता ते म्हणाले. "आता खसखस येते. कोणी तरी अंदर कापड फाडून राह्यलं अशी."

मी हसले. ते हसले नाहीत.

संध्याकाळपर्यंत खड्डा कमरेइतका झाला आणि वाळूतून चेहरे वर येऊ लागले. खरंच चेहरे. झिऱ्याची वाळू ढासळू नये म्हणून भोवती वाळू भरलेल्या पोत्यांची गोल भिंत रचलेली असते. ती दर पुरात बुजते, दर हिवाळ्यात पुन्हा उघडी होते. पोती एकाच खताची, आणि प्रत्येकावर तोच छापलेला शेतकरी, फेटा बांधलेला, हातात कापसाचं बोंड, हसणारा. कुठे त्याचा डोळा गेला होता, कुठे ओठ. एकावर नुसते दात उरले होते. खणणारे वाळू काढत होते आणि तो एकच माणूस वीस-पंचवीस वेळा जमिनीतून आमच्याकडे पाहत वर येत होता. गाव त्याच्याकडे पाठ करून निवांत चहा पीत होतं. सवय झाली की भुताशीही ओळख होते.

रात्री जेवायला सोलेवांगी होती, तुरीच्या कोवळ्या दाण्यांची आणि वांग्याची झणझणीत भाजी, सोबत ज्वारीची गरम भाकर. मी तीन खाल्ल्या. मग पाण्याचा तांब्या उचलला, तर मंगलताईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दिग्रसहून आणलेली कॅन पुढे केली. त्यांच्या आईने ते पाहिलं आणि ताट उचलून आत नेलं. माहेरी येऊन माहेरचं पाणी न पिणारी लेक! त्या घराचा यापेक्षा मोठा अपमान कोणाला करता आला नसता.

रजियाखालाचा घाट

पोती धुणाऱ्या बाईंचं नाव रजियाखाला. साठीच्या, दणकट, तोंडाने फटकळ. त्या आणि त्यांची सून रुखसाना गावोगावची रिकामी पोती गोळा करतात, नदीत धुतात आणि दिग्रसला विकतात. कोणी त्यात कापूस भरतो, कोणी चटया शिवतो. रुखसानाला सातवा महिना होता. ती पाण्यात उतरत नव्हती, काठावर बसून पोती उलटी करत होती.

"तू थे पत्रकवाली ना?" खालांनी मला आपादमस्तक पाहिलं. "लिहिते कायले? हात लाव. लिहिल्यानं पोतं साफ होते का?"

मी हात लावला. खताचा वास नाकात भसकन शिरला. खालांनी धुण्याची पावडर मूठभर टाकली, पोतं दगडावर आपटलं, आणि फेसाचा लोंढा पाण्यावर सरकत गेला. आमच्या घाटावरही धुणी होतात, फेस होतो, विरतो. इथला विरत नव्हता. खालच्या डोहात तो कालचा, परवाचा साचून राहिला होता, फुटलेल्या कापसाच्या ढिगासारखा. त्या वर्षी त्या गावात पांढरं असं तेवढंच दिसत होतं.

तिथेच मला झिऱ्याची खरी हकिकत कळली. खालांची सासू होती तेव्हा एका कोरड्या वर्षी झिऱ्याची वाळू ढासळली आणि पाणी भरायला उतरलेली एक बाई तिच्यात गाडली जाता जाता वाचली. दुसऱ्या दिवशी सासूने विकायला धुतलेली सगळी पोती आणून नानाजींपुढे टाकली. "यायची भिंत करा." तेव्हापासून झिऱ्याचा पहिला लोटा या घरचा. जात-धर्म कोणाचा काहीही असो, गावात आधी त्यांनी प्यायचं, मग बाकीच्यांनी.

"औंदा रुखसाना पेईन," खाला म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला. "दोन जीवाची आहे. दोन घोट घेईन. गावासमोर."

रुखसाना लाजून पोत्याआड गेली. मी मंगलताईंकडे पाहिलं. त्या खाली बसून नदीच्या काठचा गाळ बरणीत भरत होत्या, आणि त्यांचा हात थांबला होता.

तो गाळ मी विसरणार नाही. वर वितभर साधी काळी माती. तिच्याखाली निळसर-हिरवा थर, सुरीने कापल्यासारखा सरळ. बोट लावलं तर तेलकट, थंड. नखात गेलेला तो रंग मला घरी पोचेपर्यंत पुरला.

त्या दुपारी घाटावर बसले असताना मला पहिल्यांदा जाणवलं की, आवाज नाही. पोतं आपटल्याचा सोडून कसलाच नाही. बेडूक नाही, पाणकिडा नाही, मासोळीची उडी नाही. आई म्हणते, आडात बेडूक असला की पाणी जितं. इथलं पाणी मेलेलं होतं आणि लोक त्याला निवळ म्हणत होते.

तीन बरण्या

वरच्या अंगाला, अर्ध्या मैलावर, सूत रंगवायचा एक जुना कारखाना आहे. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. छप्पर नाही, दार नाही. हौदांत बोरी उगवलेल्या, आणि त्यांची पानं खालून निळी. मालक कोण, तो कुठे गेला, कोणी सांगत नाही. बंद होऊन एक पिढी झाली. रंगातलं शिसं जिच्यातून नदीत गेलं, ती मोरी मात्र शाबूत होती. मी तिच्यात डोकावून हाक मारली. हाक परत आली नाही.

शत्रू म्हणावा तर हे असं: चार भिंती आणि बोरी. माझ्या पहिल्या ओळीत घालायला नावच नव्हतं.

घरी येऊन मंगलताईंनी ओसरीवर काचेच्या तीन बरण्या मांडल्या. तिन्हीत घाटावरचा गाळ आणि पाणी. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत उन्हाने जळलेल्या पोत्याचा चुरा. तिसरीत चुरा आणि धुण्याची पावडर. हलवल्या आणि ठेवून दिल्या. तासाभरात पहिली निवळू लागली. दुसरीत वर तरंगत राहिलेल्या तंतूंना मातीचे बारीक कण चिकटले होते, केसाळ झाले होते. तिसरी दुधाळ निळी. ती बसेचना.

"काय झालं यात?" मी विचारलं.

"गाळ धातू घट्ट धरून बसला होता. तसाच राहिला असता तर धातू फार फिरला नसता," त्या म्हणाल्या. "साबण ती मूठ ढिली करतो, बारीक माती वर उठवतो. पोत्याचा चुरा म्हणजे बैलगाडी समज. नव्या प्लास्टिकवर काही बसत नाही, पण उन्हापाण्यात खरबरीत झालं की धातू त्यावर बसतो आणि गाडी निघते. कोणाचा वाटा किती, ते मला छातीठोक सांगता येत नाही. पण तिघं एकत्र आले की निजलेलं उठते, हे तू डोळ्यांनी पाहून राहिली आहेस."

"आणि झिरा?"

"झिरा घाटाच्या खाली. त्याची भिंतच पोत्यांची." अर्धवट उपसलेल्या झिऱ्यात झिरपलेलं थोडं पाणी त्यांनी लोट्यातून आणलं होतं; ते एका काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं. पितळेच्या लोट्यात ते नितळ दिसलं होतं. काचेत, उन्हाकडे, त्यात धुकं होतं.

मला राहवलं नाही. त्याच दुपारी मी पत्रक लिहून काढलं. मथळा: 'पोत्यांनी पाजलेलं विष'. ट्रॅक्टरवाला बंडू दिग्रसला निघाला होता. मी धावत जाऊन कागद त्याच्या हातात दिला, झेरॉक्स आणायला. मंगलताई शेजारून आल्या, तेव्हा मी त्यांना मोठ्या अभिमानाने मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला.

"या नदीत पोती धुणारे हात गावाच्या तोंडात विष ओततात," त्यांनी माझीच ओळ हळूच पुन्हा म्हटली. "कोणाचे हात, ते गावात कोणाला विचारावं लागेल का?"

"पण खोटं आहे का ते?"

"खरं आहे. अर्धं." मग त्यांच्या लक्षात आलं. "कागद कुठे आहे?"

"बंडूकडे."

ट्रॅक्टरचा आवाज दूरच्या वळणावर अजून ऐकू येत होता. तो संपेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो.

पहिला लोटा

बंडू दोन दिवस परतला नाही. मी पाचव्या दिवशी पहाटेपासून वाटेकडे डोळे लावून होते. झिरा पुरता उपसला गेला होता. गोल भिंतीतले सगळे शेतकरी उघडे झाले होते आणि तळाशी आलेल्या पाण्यात उलटे हसत होते. गाव जमलं. रुखसाना नवी हिरवी ओढणी घेऊन आली. खालांच्या हातात घासून सोन्यासारखा केलेला लोटा. मंगलताईंनी आणि मी तिन्ही बरण्या आणून झिऱ्याच्या काठावर ठेवल्या. कोणी विचारलं, "हे काय, लोणचं?" आणि हशा झाला.

तेवढ्यात बंडू आला. खिशातून कागदांची चळत काढली आणि मोठ्याने वाचायला लागला. माझं वाक्य. त्याच्या तोंडून ते मी कधी लिहिलंच नव्हतं असं वाटलं, आणि शब्दन्‌शब्द माझाच होता. वाचून झाल्यावर त्याने खालांकडे बोट दाखवलं.

"मंजे या बायायनं आमाले इतके वर्सं जहर पाजलं? हाकला न मंग यायले नदीवरून!"

खाला लोटा छातीशी धरून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं तेव्हा रागाने नाही, ओळख नसल्यासारखं पाहिलं.

मी बोलले. वडिलांनी शिकवलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं. "हे मी लिहिलंय. अर्धंच लिहिलंय. शिसं कारखान्यानं टाकलं. मालक पळाला. खालांनी फक्त पोती धुतली, तुमचं पाणी वाचवायला दिली. हे बघा." आणि मी बरण्या एकेक उचलून उन्हाकडे धरल्या. पहिली काचेसारखी निवळली होती, तळाशी गाळ. दुसरीत केसाळ तंतू. तिसरी, दोन दिवसांनंतरही, तशीच दुधाळ निळी. मंगलताईंनी झिऱ्याचं पाणी चौथ्या बरणीत भरलं आणि तिसरीच्या शेजारी ठेवलं. काही सांगावं लागलं नाही. दोघी बहिणी दिसत होत्या.

बायका जवळ आल्या. एकीने बोट लावून पाहिलं आणि पदराला पुसलं. पुन्हा पुसलं.

"माह्या पोटात हे गेलतं?" कोणीतरी म्हणालं.

बंडू पुन्हा काही बोलणार, तोच नानाजी वाळूवरून उठले. बिडी कानामागे सारली. "ओय लेका बंड्या, गप. धुतली तिनं, रचली म्या, पेलं आपून समद्यायनं. कारखान्यात हमालीले तुहा बापच जाय ना? मंग कोणाकोणाले हाकलतं?"

बंडूने कागद खिशात कोंबले.

खाला तोवर झिऱ्यात उतरल्या होत्या. त्यांनी लोटा भरला, क्षणभर तसाच धरला, आणि वाळूवर ओतून दिला. पाण्यावर आलेले बुडबुडे वाळूवर तसेच बसून राहिले, फुटेनात. मग भिंतीतलं सर्वांत वरचं पोतं त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. ते हातातच विरलं. शेतकऱ्याचा चेहरा मधोमध उलगडला, आतली वाळू भसाभस सांडली, आणि पोत्याचा चुरा हवेत तरंगत राहिला, उन्हात चमकत, खाली न येता. मला नानाजींची खसखस ऐकू आली. शपथेवर सांगते, सगळ्यांना आली.

"माह्या सासूनं आणली होती," खाला आतून म्हणाल्या. "मीच काढतो."

मग नानाजी उतरले, मग बाकीचे. बंडू सर्वांत शेवटी, पण उतरला.

दीड मैल वर

मी आणखी तीन दिवस राहिले. नवा झिरा जुन्या कारखान्याच्याही वर, दीड मैलावर खणला. भिंतीला काय लावायचं यावर वाद झाले. पोती येण्याआधी काय लावत, ते फक्त नानाजींना आठवत होतं: पऱ्हाटीच्या काड्यांचा विणलेला कूड. अळीने खाल्लेलं पीक शेतात उभंच होतं. बायांनी काड्या उपटून आणल्या, बोंडं झोडून, झाडून टाकली, आणि नानाजींनी टोपली विणावी तशी भिंत विणली. पोती धुणं नदीवरून हललं. गुरांचा एक मोडका हौद, नदीपासून लांब, खालांनी स्वतः लिंपून घेतला. त्या माझ्याशी शेवटच्या दिवसापर्यंत फारशा बोलल्या नाहीत. एकदा फक्त जवळून जाताना म्हणाल्या, "हात लाव म्हनलं होतं तुले. तू थेट लिहायलेच लागली."

आठव्या दिवशी पाणी लागलं. गढूळ, मातकट. बघून सगळ्यांचे चेहरे पडले. "याच्यापरीस जुनं बरं होतं," एक बाई बोललीच. "दिसाले तरी."

लोटा रुखसानाच्या हातात दिला. तिने तो ओठांपर्यंत नेला, थांबली, आणि मंगलताईंकडे हात पसरला. "थे काच द्या."

बरणीत ओतून तिने ती दगडावर ठेवली आणि शेजारी बसली. आम्ही सगळे बसलो. पाणी काचेत हळूहळू उकलत गेलं, वरून खाली, आणि तासाभराने त्यातून पलीकडची पऱ्हाटी दिसू लागली. कुडाच्या काठावर एक पाणकिडा येऊन बसला. नानाजींनी तो पाहिला आणि उगीच खोकले.

"निवळलं म्हणजे शुद्ध झालं असं नाही, बाई," मंगलताई म्हणाल्या. "शिसं डोळ्याला दिसत नाही. नागपूरला पाठवावं लागेल."

"मंग पयला मान तुमच्या मशीनले," रुखसाना म्हणाली. बरणी तिने माझ्या मांडीवर ठेवली. "थ्याले पाजा. थे काई म्हनलं नाई तर मी पेतो."

खालांनी ओढणीचा पदर तोंडाला लावला. हसत होत्या का रडत होत्या, मला कळलं नाही.

तोवर गाव बंडूच्या ट्रॅक्टरने दूरच्या हापशीवरून ड्रम भरून आणत होतं. ती बरणी मी नागपूरपर्यंत मांडीवर घेऊन गेले.

परवा मंगलताईंचा फोन आला. कागद आला, पाणी चालतं. मी विचारलं, रुखसानाने घेतला का लोटा? "घेतला," त्या म्हणाल्या. "गावासमोर, दोन घोट. म्हणते, जरा मातकट लागते."

पत्रक मी पुन्हा लिहिते आहे. पहिल्या ओळीत अजून कोणाचंच नाव नाही. जागा सोडली आहे. समोर टेबलावर ती तिसरी बरणी आहे, मी मागून घेतलेली. रोज सकाळी उठून आधी तिच्याकडे पाहते. आज दीड महिना झाला. ती निवळलेली नाही.